रांग कुठे तुटली: मेलबर्नमधल्या एका ग्रीक बँडचं प्रकरण

नऊ वाजून दहा मिनिटांनी हॉलमध्ये दोनशेच्या आसपास माणसं होती. भाजलेल्या कोकराच्या ताटल्या अजून टेबलांवर होत्या, वाइन होती, आणि आम्ही नऊजण स्टेजवर जीव तोडून वाजवत होतो. मधलं लाकडी फ्लोअर मात्र रिकामं. पाच मिनिटांपूर्वी तिथे चाळीसेक जणांची रांग हातात हात घालून फिरत होती. ती आधी एका जागी तुटली, मग तिचे दोन तुकडे एकमेकांवर आले, कोणीतरी हसलं, कोणीतरी हात सोडला आणि सगळेच आपापल्या खुर्च्यांकडे निघाले.

बेसूर वाजलं तरी ग्रीक माणूस नाचतो. गायिका शब्द विसरली तर रांगेतलेच लोक गाऊन देतात. पण रांग मोडून लोक बसले, की बँडने आपली वायर गुंडाळायला घ्यावी. आम्हाला अजून अडीच तास वाजवायचं होतं.

त्या रात्रीचं सगळं लिहून काढतोय, कारण नंतरच्या बैठकीत प्रत्येकाने दोष वेगळ्या जागी ठेवला आणि शोधत गेल्यावर जवळजवळ प्रत्येकजण थोडाथोडा बरोबर निघाला. सगळ्यात मोठा वाटा माझा निघाला. बैठकीला गेलो तेव्हा हे माझ्या गावीही नव्हतं.

आम्ही कोण

मेलबर्न हे ग्रीसबाहेरच्या सगळ्यात मोठ्या ग्रीक वस्त्यांपैकी एक. 1952 साली ऑस्ट्रेलिया आणि ग्रीस यांच्यात स्थलांतराचा करार झाला आणि पुढची वीसेक वर्षं बोटीच्या बोटी भरून तरुण पोरंपोरी इथल्या स्टेशन पिअरवर उतरली. ती पोरं आता ऐंशीच्या घरात आहेत. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

ही मंडळी एक ‘ग्रीक मंडळ’ काढून थांबली नाहीत. क्रीटवाल्यांचं वेगळं, काळ्या समुद्राकाठच्या पाँटसवाल्यांचं वेगळं, बेटांवरच्यांचं वेगळं, आणि एकेका डोंगरी गावाचंसुद्धा वेगळं. आपल्याकडे मुंबईत गिरणगावात कोकणातल्या वाडीवाडीची मंडळं होती, तसंच. प्रत्येकाचा वर्षातून एक नाच ठरलेला, आणि प्रत्येकाचं संगीत वेगळं. क्रीटवाला मांडीवर उभी धरून वाजवायच्या लिरावर नाचतो, उत्तरेच्या डोंगरातल्याला क्लॅरिनेट लागतं, बेटवाल्याला व्हायोलिन आणि लाउतो, म्हणजे लांब मानेचं तारांचं वाद्य. बुझुकी, तीही तारांचीच, बाहेरच्यांना सगळ्यात ‘ग्रीक’ वाटते, पण ती मुळात बंदरांतली आणि शहरांतली. डोंगरातल्या म्हाताऱ्याला ती परकी नसते, पण घरचीही नसते.

आमचा बँड हौशी. दोन बुझुकी, एक गिटार, एक लाउतो, व्हायोलिन, अकॉर्डियन, क्लॅरिनेट, गायिका आणि ताल. कोणी इलेक्ट्रिशियन, कोणी शाळेत शिक्षिका, दोघे निवृत्त. दर मंगळवारी संध्याकाळी तालीम. या सगळ्यांत ग्रीक नसलेला मी एकटा.

मी अकलूजकडचा. लहानपणी गावच्या भजनात पखवाज, मग पुण्यात सात-आठ वर्षं तबला. इथे आल्यावर एका गणपतीत गॅरेजमध्ये आरतीला ढोलकी वाजवत होतो, तर कुंपणापलीकडचे शेजारी ऐकत उभे राहिले. ते क्लॅरिनेट वाजवतात. वय पंच्याहत्तर. त्यांना मी ‘थियो’ म्हणतो, म्हणजे काका. ते मला ‘मास्तोरा’ म्हणतात, म्हणजे कारागीर, मिस्त्री. त्यांनीच मला बँडमध्ये ओढलं. सुरुवातीची दोन वर्षं माझ्याकडे देफी होती, घुंगरांच्या चकत्या लावलेला डफ. देफी आणि डफ ही नावं भाऊबंदच आहेत, दोघांचा मामा फारसीतला दफ. मुख्य ताल म्हणजे तुंबेलेकी दुसरा एकजण वाजवायचा. तुंबेलेकी म्हणजे घटाच्या आकाराचं, एका तोंडाचं, मांडीवर आडवं धरून वाजवायचं वाद्य. मधोमध हात पडला की ‘दुम’, काठावर बोट पडलं की ‘तेक’. तो गृहस्थ नोकरीमुळे ॲडलेडला गेला आणि तुंबेलेकी माझ्या मांडीवर आली. रांग तुटली ती त्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात.

कार्यक्रम इपिरसच्या एका गावच्या मंडळाचा होता. इपिरस म्हणजे ग्रीसचा वायव्य कोपरा, अल्बेनियाला लागून, सगळा डोंगर.

त्या रात्री काय झालं

जेवणं, सेक्रेटरींचं भाषण, लॉटरीच्या चिठ्ठ्या. मग आम्ही दोन बेटांवरची गाणी घेतली. लोक बसून राहिले, पण टाळ्या वाजवल्या. मग कलामातियानोस. हा नाच अख्ख्या ग्रीसमध्ये चालतो, शाळेत शिकवतात, लग्नात होतो. नाव कलामाता शहरावरून. सात मात्रांचा. ‘हा हमखास चालतो’ म्हणून आमच्या यादीत तो तिसरा होता.

चालला. एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले, मागे त्यांची मुलगी, मग नातेवाईक, मग मधल्या टेबलावरची तरुण मंडळी. दुसऱ्या कडव्यापर्यंत चाळीस जण. तिसऱ्या कडव्यात रांग तुटली. गाणं ठरल्याप्रमाणे तीन मिनिटं दहा सेकंदांनी संपवलं. आम्ही लगेच दुसरं कलामातियानोस घेतलं, पहिल्यापेक्षा थोडं जलद, लोकांना परत खेचायला. नऊ वाजून दहा मिनिटांनी काय दिसलं ते वर सांगितलंच.

बाकीची रात्र बुझुकीवरच्या शहरी गाण्यांवर निभावली. कोणीतरी सिर्ताकीची फर्माईश केली, तेव्हा मला कळलं की आता आपल्यावर लोकांना दया येऊ लागली आहे. सिर्ताकी हा काही गावाकडचा नाच नाही. 1964 च्या ‘झोर्बा द ग्रीक’ सिनेमासाठी तो बसवला गेला आणि पर्यटकांनी जगभर नेला. गावच्या मंडळाच्या नाचात तो मागणं म्हणजे लावणीच्या फडात लेझीम मागण्यासारखं.

कोण काय म्हणालं

बुझुकीवाले म्हणाले, साउंड खराब होता. गायिका म्हणाली, लोक अजून जेवत होते. अकॉर्डियनवाले म्हणाले, तरुण पोरांना पावलं येत नाहीत. मी म्हणालो, म्हातारे दमतात. थियो काहीच म्हणाले नाहीत. ते क्लॅरिनेटचे तुकडे पुसत बसले होते, आणि त्या पुसण्याला जरा जास्तच वेळ लागत होता.

लाउतो वाजवणारी आमची मैत्रीण रविवारी लहान मुलांना नाच शिकवते. तिने वाद घातला नाही. मंडळातल्या कोणाच्या तरी नातवाने फोनवर चित्रीकरण केलं होतं, ते तिने मिळवलं. चार मिनिटं वीस सेकंद. रविवारी दुपारी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो: ती, थियो आणि मी. तिने आधी आवाज बंद करून व्हिडिओ लावला आणि म्हणाली, नुसते पाय बघ.

माझी सम

कलामातियानोसच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा पडतात. एक लांब पाऊल, दोन आखूड. एका आवर्तनात तीन पावलं, चार आवर्तनांत बारा, आणि बारा पावलांत नाचाचा एक फेरा पूर्ण. पहिली आठ पावलं रांग उजवीकडे सरकते, उरलेली चार साधारण जागच्या जागी. पहिलं पाऊल उजवं.

तीन-दोन-दोन म्हटल्यावर कुठलाही तबलजी म्हणेल, अरे हा तर रूपक ताल! मीही म्हणालो होतो. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच मंगळवारी मी थियोंना रूपकाचा ठेका म्हणून दाखवला होता आणि आम्ही दोघंही खूश झालो होतो, की बघा, पाच-सहा हजार किलोमीटर अंतर आणि हिशेब तोच.

हिशेब तोच आहे. वजन उलटं आहे.

रूपकाची गंमत म्हणजे त्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ‘खाली’ची असते, म्हणजे बिनवजनाची, हलकी. तिं तिं ना । धिं ना । धिं ना. पहिल्या तीन मात्रांत डग्गा, म्हणजे जोडीतला जड आवाजाचा तबला, बोलत नाही. तो बोलतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. बैठकीत ऐकणाऱ्याला हे माहीत असतं, तो समेला हात उलटा करतो आणि त्या हलकेपणावरच दाद देतो. कलामातियानोसमध्ये पहिल्या मात्रेवर दुम, आणि चौथ्या-सहाव्यावर तेक. लांब पावलाखाली जमीन हवी, म्हणून जड ठोका तिथे. माझा हात कित्येक वर्षांच्या सवयीने पहिल्या मात्रेला हलका पडत होता आणि चौथ्या-सहाव्याला दुम देत होता. मला ते बरोबरच ऐकू येत होतं. माझ्या कानाला समेचं हलकेपण म्हणजेच सम.

मग तालमीत कोणाला कसं कळलं नाही? कारण तालमीत कोणी नाचत नव्हतं. वाजवणारे सुरावरून पहिली मात्रा शोधतात, त्यांना माझी गरज नव्हती. आणि मी देफीवर असताना माझा उलटा ठेका तुंबेलेकीच्या दुमखाली झाकून जायचा. उलट त्याने जरा रंगत यायची, असं लोक म्हणायचे.

हॉलमध्ये मात्र वेगळंच. कमी उंचीच्या छताखाली दोनशे माणसं बोलत असली की वीस पावलांवर सूर पुसट होतो. पोचतो तो फक्त जड ठोका. लाउतोवालीने व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवलं. रांगेतले पहिले आठ जण, म्हणजे म्हातारे गृहस्थ, त्यांची मुलगी आणि नातेवाईक, स्टेजजवळ होते. ही मंडळी गाण्यावर नाचत होती. चाल त्यांच्या अंगात आहे. मी तबला वाजवला काय आणि पत्र्याचा डबा वाजवला काय, त्यांचं उजवं पाऊल बरोबर ‘एक’वर पडत होतं. नववा माणूस तरुण. तो आणि त्याच्या मागचे सगळे वर्गात मोजून शिकलेले, आणि मोजणी ते ढोलावरून सुरू करतात. त्यांनी माझा चौथ्या मात्रेवरचा दुम ऐकला आणि तिथे पहिलं पाऊल टाकलं.

परिणाम असा, की आठवा माणूस आणि नववा माणूस यांच्यात एका पावलाचा फरक. एका पावलाचा फरक म्हणजे पाय उलटा: याचा उजवा तेव्हा त्याचा डावा. रांग उजवीकडे सरकत असते तोवर हे ओढाताण करत निभतं. पण पुढच्या भागाची सरकणारी पावलं संपून ते जागेवर थांबतात, तेव्हा मागचा भाग अजून एक पाऊल सरकतोय. हात गुंफलेले. खांद्याला खांदा आपटतो. तीन फेरे त्यांनी सहन केलं. चौथ्यात रांग तुटली, नेमकी आठव्या आणि नवव्याच्या मधून.

तिने आवाज सुरू केला, उठली आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर माझ्या ठेक्यावर नाचून दाखवलं. मग डोळे मिटून, फक्त थियोंच्या क्लॅरिनेटवर. दोन वेगळे नाच होते.

मी लहानपणी दिंडीत पावली बघितलेली आहे. पखवाज गळ्यात अडकवलेला माणूस टाळकऱ्यांच्या पायांकडे बघत वाजवतो. पाय उचलायला त्याचा हात आणि पाय टेकायला त्याची थाप. हे मला माहीत होतं. पुण्यात तबला शिकताना ते कुठेतरी मागे पडलं, कारण तिथे समोर बसलेल्याचे पाय मांडी घातलेले असतात.

बाकीच्यांचे वाटे

माझं निघालं म्हणून बाकीचे सुटले नाहीत.

लय. व्हिडिओतलं पहिलं गाणं आम्ही मिनिटाला चाळीस आवर्तनांनी वाजवलं होतं. म्हणजे बारा पावलांचा फेरा सहा सेकंदांत. थियो म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या पिढीला हे चौतीसच्या पुढे नको असायचं. म्हणजे फेरा सात सेकंदांचा. एक सेकंद किरकोळ वाटतो, पण ज्याचा गुडघा 1962 साली बोटीतून उतरला आहे त्याला विचारा. चाळीस आलं कुठून? एका रेकॉर्डिंगवरून. बुझुकीवाल्यांनी ते आणलं होतं आणि आम्ही सगळे त्यावर तालीम करायचो.

लांबी. तीन मिनिटं दहा सेकंद हेसुद्धा रेकॉर्डिंगवरूनच. जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूत तीनेक मिनिटंच मावायची. ख्यालगायकांनाही त्यात मावावं लागलं आणि ग्रीक लोकगीतांनाही. गावातल्या चौकात गाणं तीन मिनिटांचं नसतं. पुढे असलेल्याचं मन भरेपर्यंत ते चालतं. तो रुमाल पुढच्या माणसाच्या हातात देतो, तेव्हा त्याची पाळी संपते. आम्ही त्या म्हाताऱ्या गृहस्थांची पाळी घड्याळ बघून संपवली होती. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा पुढे यायची पाळी कोणाची, हे फ्लोअरवर कोणालाच कळेना, म्हणून कोणीच आलं नाही. व्हिडिओच्या शेवटच्या वीस सेकंदांत ते गृहस्थ हातात पांढरा रुमाल घेऊन एकटे उभे दिसतात. मला तो भाग दुसऱ्यांदा बघवला नाही.

पाळी ही चेष्टेची गोष्ट नाही. पैसे देऊन आपला नाच मागायचा, त्याला पारांगेलिया म्हणतात, आणि त्यात दुसऱ्याने घुसायचं नसतं. 1973 साली अथेन्सच्या एका नाइटक्लबात अशाच मागितलेल्या झेइबेकिकोवरून मारामारी होऊन तीन पोलिसांचा जीव गेला. झेइबेकिको हा एकट्याचा नाच, शहरी, वेगळ्या दुनियेतला. इपिरसच्या म्हाताऱ्यांनी आमच्यावर चाकू काढला नसता. पण मंडळाने पुढच्या वर्षी दुसरा बँड ठरवला असता, आणि त्यांनी तो ठरवलाच.

जागा. आम्ही चार फूट उंच स्टेजवर, समोर मॉनिटर स्पीकर, डोळ्यांवर दिवे. तिथून मला नाचणाऱ्यांची डोकी दिसत होती. पाय एकाचेही नाहीत.

आणि यादी. इपिरसच्या मंडळाचा नाच, आणि पहिल्या तासात इपिरसचं एकही गाणं नाही. तिथल्या संगीताचा चेहरामोहराच वेगळा आहे. पाच स्वर, अर्धस्वर नाहीत, बरेचदा आपल्या धानी रागाच्या वळणाचे. पण क्लॅरिनेट एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत, रडत उतरतं. क्लॅरिनेट मुख्य भूमीवर आलं 19व्या शतकात, आणि जुन्या सनईसारख्या झुर्नाची आणि बासरीची जागा त्याने घेतली. बरेचसे वादक रोमा घराण्यांतले, बापाकडून मुलाकडे आलेलं काम. तिथे उत्सवाची सुरुवात नाचाने नाही, तर मिरोलोयीने करायची पद्धत आहे. मिरोलोयी म्हणजे मृतांसाठीचा विलाप. क्लॅरिनेट एकटं, लाउतोचा आधार, ताल नाही. गेलेल्यांची आठवण काढायची आणि मग नाचायला उठायचं. थियोंचे आईवडील तिथलेच. आमची यादी बुझुकीवाल्यांनी केली, तेव्हा थियो म्हणाले होते, ‘मिरोलोयी घ्यायची का?’ आणि उत्तर मिळालं होतं, ‘लोक आनंद करायला येतात.’ त्यावर ते गप्प बसले होते. ते गप्प बसणं त्या रात्रीपर्यंत टिकलं होतं.

काय बदललं

पहिली गोष्ट लाउतोवालीने ठरवली, मतदानाला न टाकता: तालमीत कोणीतरी नाचत नसेल तर वाजवायचं नाही. मंगळवारी दोन-तीन पालक आणि मोठी मुलं येऊ लागली. आणि मला तीन आठवडे वाद्य न देता रांगेत उभं केलं, आठव्या जागेवर, मुद्दाम. पहिल्या मंगळवारी मी एका बारा वर्षांच्या मुलीचा पाय दोनदा तुडवला.

हाताची सवय बदलेना. डोकं ‘पहिलीवर दुम’ म्हणायचं आणि हात रूपकातच शिरायचा, विशेषतः लय वाढली की. तिसऱ्या आठवड्यात घरी भांडी घासताना एकदम तीव्रा आठवला. पखवाजाचा ताल, धृपदाचा. सात मात्रा, तीन-दोन-दोन, तेच खंड. पण सम खाली नाही, सरळ टाळीची. धा दिं ता । तिट कत । गदि गन. पहिल्या मात्रेवर उघडा ‘धा’. मी इतकी वर्षं शेजारच्या घरी राहून चुकीच्या दाराची बेल वाजवत होतो. तीव्रा मनात म्हणायला लागल्यावर हात आपोआप वळला. थियोंना म्हणून दाखवला, तर म्हणाले, ‘हा कोणता?’ म्हटलं, भजनातला चुलतभाऊ. मग त्यांनी त्यावर लगेच एक चाल वाजवली आणि त्यांच्या बायकोने आतून ओरडून विचारलं की आज मंगळवार आहे का.

बाकीचे बदल पटापट झाले. स्टेज सोडायचं, फ्लोअरच्या कडेला खुर्च्या टाकून अर्धगोलात बसायचं, गावच्या चौकात चिनाराखाली बसतात तसं. क्लॅरिनेट मध्ये, लाउतो आणि मी त्यांच्या दोन्ही बाजूंना, बाकीचे मागे. गाण्यांची यादी फाडून टाकली. तिच्याऐवजी मंडळाच्या सेक्रेटरीकडून पुढे कोण कोण नाचणार याची यादी घ्यायची. गाणं कधी संपवायचं हे थियो ठरवतील, आणि थियोंना ते रुमाल ठरवेल.

त्सामिको मला सगळ्यात अवघड गेला. तीन मात्रांचा, संथ, पुढचा माणूस मध्येच खाली बसतो, उडी घेतो, मागे वाकतो. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस रुमालाचं दुसरं टोक धरून त्याचं सगळं वजन पेलतो. तो खाली गेला की क्लॅरिनेट एक स्वर धरून ठेवतं आणि मी लय किंचित मागे ओढायची, मागच्या रांगेला कळणार नाही इतकीच. कधी सोडायचं हे त्याच्या पोटरीवर दिसतं. तबल्यात गायकाच्या श्वासाकडे बघायला शिकवलं होतं. हे तसंच, फक्त दोन फूट खाली.

ऑगस्ट

मंडळाने वार्षिक नाचाला दुसरा बँड घेतला, पण ऑगस्टच्या पानियीरीला, म्हणजे जत्रेला, आम्हाला बोलावलं, निम्म्या बिदागीवर. 15 ऑगस्ट हा मेरीच्या महानिर्वाणाचा सण. ग्रीसमध्ये ऐन उन्हाळा, गावोगावी जत्रा, शहरात गेलेली माणसं गावी परततात. इपिरसमधल्या सिराको गावची आणि ग्रीसमधल्याच मॅसिडोनिया भागातल्या व्लास्ती गावची या दिवसांतली जत्रा 2022 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मेलबर्नमध्ये हाच सण कडाक्याच्या थंडीत येतो. हॉलचे हीटर चालू होते आणि म्हाताऱ्यांनी कोट काढले नव्हते.

थियोंनी मिरोलोयीने सुरुवात केली. सात-आठ मिनिटं. पहिल्या मिनिटात चमच्यांचे आवाज थांबले. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. मला काही काम नव्हतं, आणि ते बरं वाटलं. मग न थांबता पोगोनिसियो हा इपिरसचा नाच, मग ‘स्ता त्रिया’, म्हणजे ‘तीनचा’, तीन पावलांच्या हिशेबाचा साधा नाच, ज्यात ऐंशीचा माणूस आणि सहाचं पोर एकाच रांगेत मावतात. यादीतली पहिली सात नावं संपायला एक तास दहा मिनिटं लागली. नऊ ते पावणेबारा फ्लोअर एकदाही रिकामं झालं नाही. दुसऱ्या रांगेच्या आत तिसरी रांग सुरू झाली तेव्हा आम्हाला खुर्च्या मागे सरकवाव्या लागल्या.

मागच्या वेळचे ते गृहस्थ यादीत तिसरे होते. त्यांनी त्सामिको मागितला. उड्या नव्हत्या, एकदा फक्त ते अर्धे खाली बसले, मुलीने रुमाल घट्ट धरला, थियोंनी स्वर धरला, मी थांबलो. ते उठले. उठताना माझ्याकडे बघितलं की क्लॅरिनेटकडे, सांगता येणार नाही.

आणि कलामातियानोस? चार महिने मी ज्याच्यासाठी घासलो तो त्या अख्ख्या रात्रीत एकदाच मागितला गेला, तोही अकराच्या पुढे, एका नऊ वर्षांच्या मुलीने. तिने चौतीसच्या लयीत ऐकून घेतलं नाही. तिला चाळीसच हवा होता.

न सुटलेलं

थोरल्या बुझुकीवाल्याने सप्टेंबरात बँड सोडला. तो म्हणाला, मागच्या रांगेत बसून तारा छेडायला मी वीस वर्षं शिकलो नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. ऑक्टोबरात एका तरुण जोडप्याच्या लग्नात सगळ्यांना शहरी गाणी हवी होती, आणि आमच्याकडे ती वाजवायला एकच बुझुकी होती. तिथे फ्लोअर भरलं, पण आमच्यामुळे नाही. दहानंतर डीजे आला होता.

दुसरा प्रश्न पैशांचा. पुढे नाचणारा खूश झाला की वादकाला नोटा देतो, त्याला हार्तूरा म्हणतात. गावात नोट थुंकी लावून क्लॅरिनेटवाल्याच्या कपाळाला चिकटवतात. तमाशातली दौलतजादा आठवून मला हे ओळखीचं वाटलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या नोटा प्लास्टिकच्या आहेत, त्या कपाळावर टिकत नाहीत. थियोंच्या कपाळावरून घसरून त्या रात्री त्या माझ्या तुंबेलेकीवर पडत होत्या, आणि मी प्रत्येक दुमला त्या उडवत होतो. रात्रीअखेर बिदागीपेक्षा हार्तूरा जास्त निघाली.

ती कोणाची? थियोंचं म्हणणं, ज्याच्या स्वराला दिली त्याची. त्यांच्या आजोळी असंच होतं. लाउतोवालीचं म्हणणं, सगळ्यांत सारखी वाटायची, हॉलचं भाडं सगळे भरतात. व्हायोलिनवाले म्हणतात, मंडळाला परत द्यावी. तोवर नोटा माझ्याकडे बुटांच्या खोक्यात आहेत, कारण पडल्या त्या माझ्या वाद्यावर. पुढच्या मंगळवारी परत विषय निघेल.